उडणारा तो मीच

आता काय सांगू तुम्हाला, मुलगी पाहायला गेलेला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं हसं कसं करून घेतो, ते ऐकायचं असेल तर चहा ओता आणि बसा.

मी तेव्हा जबलपुरात सरकारी कचेरीत कारकून होतो. अंगाने अगदी काडी. मदन महालच्या खडकांवर एका सिनेमाचं शूटिंग आलं. अफाट शक्तीचा हिरो, गुलाबी चड्डी, पाठीवर लाल चादर. शक्ती अफाट, पैसे मात्र बेताचे. उडायची वेळ आली तेव्हा हिरोने दोर पाहूनच नकार दिला. दिग्दर्शकाने बघ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबला. "भैया, तुम हल्के हो. उड़ोगे?"

नाही कशाला म्हणू? दोन दिवस रजा टाकून मी कडुलिंबाच्या फांदीला लटकलो. हात पुढे, पोट आत. खालून दोघं गोणपाटाने वारा घालत होते. कमरेवरचे वळ आठवडाभर गेले नाहीत.

पुढे जबलपुरातल्याच गढ्याचं एक स्थळ आलं. मुलगी सुनंदा, शाळेत शिकवायची. मला पाहताक्षणी आवडली. तिच्या वडिलांनी विचारलं, "नोकरीशिवाय आणखी काय करून राहिले?"

"सिनेमात उडलोय," मी म्हणालो. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

"अच्छा? मग तो सिनेमा पाहू, अन् मंग बोलू."

सिनेमा कमानिया गेटजवळच्या टॉकीजला लागला. तिच्या घरची अकरा माणसं आली. मी तिचे वडील आणि आत्याबाई यांच्यामध्ये.

"हा मोटार चालवून राहिला तो तुम्ही काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. मी फक्त हवेत."

शेवटी आभाळात, लांबवर, लाल चादर फडफडली. मी उभाच राहिलो. "हाच मी!" पुढच्या रांगाही वळून माझ्याकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला. कापडाची बाहुली होती. डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं, डोक्यातून दोरा सरळ वर गेलेला. आणि सगळं टॉकीज पाहत असताना तिचा एक हात गळून पडला.

आत्याबाईंनी अंधारात माझा हात चाचपून पाहिला.

बाहेर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "काहून खोटं बोलले जी?" वळ दाखवावेत म्हटलं, तर ते कधीच गेले होते. माझं लटकणं कुठे कापलं गेलं, देव जाणे. स्थळ हातचं गेलं म्हणून मी त्या दिवशी जेवलो नाही.

चौथ्या दिवशी होकार आला. कारण लग्नानंतर कळलं. सुनंदा वडिलांना म्हणाली होती, "बाबा, याले धड खोटं बोलता येत नाही. दोन तासांत पकडल्या जाते. असाच नवरा पाहिजे मले."

परवा नातीने आम्हा दोघांना मॉलमध्ये सिनेमाला नेलं. आता अशा वीरांना काय मान आहे म्हणता! अख्खी शहरं उचलतात, आणि हॉलमध्ये एक खुर्ची रिकामी नाही. नात म्हणाली, "आजोबा, हीरो असली में नाही उडत. सगळं कम्प्यूटर पे होते."

"तुझे आजोबाही नव्हते उडले," सुनंदा म्हणाली.

मी मान डोलावली. खरंच लटकलो होतो हो मी. पण तिने पकडलेली माझी ती एकुलती थाप मुळात थापच नव्हती हे कळलं, तर ही बाई मागच्या चाळीस वर्षांची चौकशी सुरू करेल.