सरांच्या बोटांतल्या मुंग्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर मी सांगेन, घाटकोपरच्या टायपिंग क्लासच्या सरांचे. नवा मुलगा मशीनवर बसला की सर खांद्यावरचा पंचा त्याच्या हातांवर टाकायचे. "खाली काय बघतोस रे? बोटं पळून नाही जाणार."

मी महाडकडून आलेला, घरातला पहिला बी.ए. मुलाखतीला सरांनी स्वतःचे बूट दिले. "एक नंबर मोठे आहेत. सावकाश चाल, म्हणजे साहेब वाटशील."

औषधांच्या कंपनीत मी टायपिस्ट झालो. डॉक्टरांना जाणारी माहितीपत्रकं टाइप करायचो.

शहाऐंशी साली, सत्तरी गाठलेल्या सरांच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. करंगळीपासून गालापर्यंत चढायच्या, दहा मिनिटांत उतरायच्या.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा आता."

"घरचा डॉक्टर आहे ना," म्हणत सरांनी माझ्याकडे पाहिलं.

ती थट्टा होती. मी ती थट्टा समजलो नाही. त्याच आठवड्यात मी टाइप केलं होतं, की अशा मुंग्या ही लकव्याची सूचना असू शकते आणि ॲस्पिरिनने रक्ताची गुठळी टळते. छापून जातं ते खरं, असं मानणारा मी. गोळ्या नेऊन दिल्या. मग कंपनीने मला नागपूरला पाठवलं.

पाचव्या महिन्यात तार आली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोहोचेपर्यंत ऑपरेशन होऊन सर गेले होते.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या रक्ताच्या गाठीचा अहवाल नंतर आला. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत गेलं, भिंती ठिसूळ झाल्या आणि फुटल्या. मुंग्याही त्यामुळेच.

"ॲस्पिरिनमुळे?" मी विचारलं.

त्यांनी अहवालाची घडी घातली. "अशा पेशंटला देऊ नये. पण हे बाहेरून कळत नाही. त्याशिवायही झालं असतं कदाचित."

ते 'कदाचित' घेऊन मी इतकी वर्षं वावरतो आहे.

काकूंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू वाईट चिंतलं नव्हतंस रे." आणि भिंतीवर टाचलेलं माझं नागपूरहून आलेलं पत्र काढून हातात दिलं. टाइप केलेलं, एकही चूक नसलेलं.

"ती. सरांस सा. न. वि. वि.

डोकं दुखतं म्हणून तुम्ही गोळी बंद केल्याचं काकूंनी कळवलं. तसं करू नका. नवी बाटली पाठवत आहे. रोज एक, जेवणानंतर. आजवर मी तुमचं सगळं ऐकलं, एवढं एक माझं ऐका.

आपला विद्यार्थी"