सईचा उजवा गुडघा

मंडळी, माझी सई तलवारबाजी खेळते, राज्याच्या संघात आहे. आज तिचा उजवा गुडघा दाखवायला तिला स्वारगेटजवळ फिजिओकडे नेलं. बाकावर तिच्याच संघातली मैत्रीण बसली होती, उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून.

"काकू, आमच्यात सगळ्यांचंच असं असतं," ती हसून म्हणाली.

फिजिओ मॅडम हसल्या नाहीत. "झेप घेताना सगळा भार पुढच्या पायावर येतो. सई आत्ता थांबली तर तिचा गुडघा वाचेल."

"मला दुखतच नाही," सई म्हणाली. पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड आहे.

जिना मात्र ती कठडा धरून, तिरकी तिरकी उतरली. "आई, कोच सरांना सांगू नकोस."

आत्ताच ती सरावाला गेली. सरांना मी अजून फोन केलेला नाही. तुम्ही केला असता का?