डांगराला खांदे नसतात

डांगराची गोष्ट आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. डांगराच्या पुढचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे बसले तरी तेवढा भाग घाईघाईने ओलांडून पुढे जाते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच जमेल कदाचित.

झालं असं की नातीला बाळंतपणाच्या विषयात रेसिडेन्सी हवी आहे, त्यासाठी अर्जांची धावपळ चालली आहे. परवा जेवताना विचारते, "आजी, तू गं कशी तयारी केली होतीस?" मी नेहमीसारखी डांगरावर आले, सगळे हसले, आणि मी नेहमीसारखी तिथेच थांबले. पण हात धुताना पोरगी पुन्हा म्हणाली, "आणि मग?"

आणि मग. बघा, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या वेळी हाऊस-सर्जन म्हणायचे. मी मुंबईत डॉक्टरीण होऊन धुळ्याला घरी आले होते. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. काय माझा तोरा! मेथीची जुडी आणायला निघाले तरी गळ्यात नळी. आईने एकदा विचारलं, "मेथीना ठोका मोजस का वं?" मुंबईच्या एका मोठ्या प्रसूतिगृहात हाऊस-सर्जनची जागा निघणार होती आणि ती मला हवी होती. इतकी, की स्वप्नातसुद्धा मी मुलाखतच देत असे. पुढे गेलेल्या एका मैत्रिणीने सांगून ठेवलं होतं — पहिला प्रश्न एकच विचारतात. चिमटे लावून मूल स्वतःच्या हाताने काढलंय का?

मी काढलं नव्हतं. लांबून पाहिलं होतं, तेही पुढे उभ्या विद्यार्थ्यांच्या खांद्यांवरून.

म्हणून डांगर. तुमच्याकडे लाल भोपळा म्हणत असतील. आईच्या उशीचा अभ्रा घेतला, त्यात एक चांगलं गोल डांगर कोंबलं, अभ्र्याचं तोंड दोरीने अर्धं आवळलं, आणि ओसरीवर मांडी ठोकून, दोन पळ्यांचे चिमटे करून मी त्याचं बाळंतपण करू लागले. डावं पातं, उजवं पातं, मूठ जुळवायची, हळूच ओढायचं. आई चुलीपासून ओरडली, "डांगरले बी कळा येतस का वं, शालू?" नाना वर्तमानपत्राआड हसत होते. डांगर सुखरूप बाहेर आलं. रात्री त्याची भाजी झाली. घरच्यांसाठी गोष्ट इथे संपते.

त्याच दिवसांत मी धुळ्यातल्या एका खाजगी बायकांच्या दवाखान्यात मदतीला जात होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांची चिठ्ठी मिळाली असती तर मुंबईत वजन पडलं असतं. तिथे एक कमळ यायची. शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातली सून, पहिलटकरीण, चौथी शिकलेली. मी सांगितलेलं सगळं ती असं ऐकायची, जसं काही मी तिला गुपितं देत होते. मला ते फार आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

तिचे दिवस भरत आले असताना ग्रहण लागणार होतं. ग्रहणात गरोदर बाईने चिरायचं नाही, दुमडायचं नाही, पिळायचं नाही, नाहीतर मुलात व्यंग येतं — हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सासूने कमळला बजावून ठेवलं होतं. तिने मला विचारलं, आणि मी — काय ते माझं ज्ञान! — टेबलावर एक लिंबू ठेवलं, एक मोसंबं ठेवलं, हातात कंदील घेतला आणि सावली कशी पडते ते दाखवलं. म्हटलं, "सूर्याला तुझ्या पोटाशी काय देणंघेणं? खुशाल धुणं पीळ." ती हसली. ग्रहणानंतरच्या खेपेला कानाशी येऊन म्हणाली, "पिळं अक्का. सासूनं लुगडं. ती झोपेल व्हती." आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसलो.

मी तिला खरं तेच सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते मीच खोटं पाडलं.

कमळ बाळंतपणाला आली त्या दिवशी सकाळच्या गाडीने मोठ्या बाई चाळीसगावला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. लागू दे. चिमटे कपाटातच राहू देत." दुपारच्या गाडीने परतणार होत्या.

वेळ लागला. पण सगळं ठीक होतं हो! कळा चांगल्या येत होत्या, डोकं खाली सरकत होतं, मुलाचे ठोके घड्याळासारखे पडत होते. कमळ दमली होती, बाळंत होताना बाई दमते तेवढीच. तिने स्वतःच मूल जन्माला घातलं असतं. हे मला आज कळलंय असं नाही. तेव्हाही कळत होतं.

मी खिडकीकडे पाहत होते. उन्हं कलायला लागली होती. गाडी आली की मोठ्या बाई येणार, त्या आल्या की कपाट उघडणार नाही, आणि मुलाखतीतल्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसणार. एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या खोलीत एक बाई ओठ चावून कळा देत होती आणि मी गाडी यायच्या आत उरकायचं बघत होते — याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

मी नर्सला सांगितलं, ठोके मंदावले. मी कपाट उघडलं. क्लोरोफॉर्मचे थोडे थेंब दिले, कमळची शुद्ध हरपली. डावं पातं, उजवं पातं, मूठ जुळवली, ओढलं. डोकं अगदी डांगरासारखं आलं. काय आनंद झाला मला! आणि मग खांदा अडला.

डांगराला खांदे नसतात. ओसरीवर मी सगळ्याचा सराव केला होता, याचा केला नव्हता. अशा वेळी काय करायचं ते पुस्तकात होतं — थांबायचं, पुढची कळ येऊ द्यायची. मी डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. मानेत काहीतरी ताणलं गेलं, ते माझ्या बोटांना कळलं. मुलगा झाला. मोठ्याने रडला. उजवा हात मात्र हलला नाही.

गाडीने परतल्यावर मोठ्या बाईंनी पोराच्या गालांवरचे चिमट्यांचे वळ पाहिले. "का लावलेस?" मी म्हटलं, "ठोके मंदावले होते." त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सासूने नातवाला न्हाऊ घातलं. आम्ही वॉर्डात होतो, मोठ्या बाई बाहेरच्या खोलीत रुग्ण तपासत होत्या. पोराचा हात अंगालगत लोंबत होता, आतल्या बाजूला वळलेला, तळवा मागे. पिळा दिल्यासारखा. म्हातारी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग सुनेकडे वळली.

"गरहनमा काही पिळं व्हतं का तू?"

कमळने माझ्याकडे पाहिलं. कावरीबावरी नव्हती झाली ती, वाट पाहत होती. लिंबू, मोसंबं, कंदील — तिला वाटलं, आता अक्का बोलतील.

म्हातारीने विचारलं, "डाक्टरीनबाई, तुम्हीच सांगा. हाई गरहननंच शे ना?"

एक शब्द पुरला असता. "नाही." पुढे काहीच बोलले नसते तरी चाललं असतं. पण 'नाही' म्हटलं की 'मग कशानं?' आलंच असतं, आणि दार उघडंच होतं, मोठ्या बाई पलीकडेच होत्या. मी पोराचं दुपटं सारखं केलं आणि म्हटलं,

"असतं कधीकधी तसं."

कमळने मान खाली घातली. 'अक्कांनीच सांगितलं होतं' असं म्हणायला तिला कुणाची भीती होती? ती म्हणाली नाही. सासू तिला काय काय बोलली ते मी पुरतं ऐकलंही नाही, दुसऱ्या खाटेकडे गेले. बहुतेकांचा हात महिन्या-दोन महिन्यांत परत येतो, असं पुस्तकात होतं. त्या 'बहुतेकां'च्या भरवशावर मी रात्री झोपले. झोप लागली, हेही सांगून टाकते.

मुंबईत पहिला प्रश्न तोच आला. मी गाडी, कपाट आणि खांदा वगळून सगळं सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, या वयात असा निर्णय घ्यायला धैर्य लागतं. मी लाजले! नको तिथे लाज बरी सुचली. जागा मिळाली. पुढचं सगळं — जळगावचा माझा दवाखाना, लोकांनी दिलेला मान, भिंतीवरची पाटी — त्या जागेतून आलं.

कमळ पुन्हा एकदा भेटली. स्वराज्य यायच्या जरा आधी, जळगावात. धाकट्या गरोदर बहिणीला घेऊन माझ्याकडे आली होती, सोबत तो मुलगाही होता. उंच, गालावर खळी, डाव्या हाताने शेंगा फोडून खात होता. उजवा हात सदऱ्याच्या आत ठेवलेला. ती बहिणीला सांगत होती, ग्रहणात जागची हलू नकोस, मी स्वतः आता प्रत्येक ग्रहणात हात बांधून बसते. दिवस गेलेले नसले तरी बसते.

मग बहिणीला बाहेर पाठवून ती माझ्याजवळ आली. भरताची वांगी आणली होती, ती टेबलावर ठेवली. आवाज खाली आणून म्हणाली,

"तुमनं नाव मी लिधं नही, अक्का. सासूले बी नही. कोनलेच नही."

तिने मला क्षमा केली होती. जे मी खरं बोलले होते, त्याबद्दल.

दार लावलेलं होतं. मोठ्या बाई नव्हत्या, मुलाखत नव्हती, सासूही मागेच वारली होती. घाबरायला कुणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "बरं केलंस."

आणि वांगी ठेवून घेतली.