किल्लारीच्या मातीची नळी

आमच्या विनीताआत्याची नक्कल करायला आवाज बदलावा लागत नाही. नुसतं "समजलं?" म्हणायचं आणि थांबायचं. लातूरच्या तिच्या क्लासमधलं कुठलंही पोरगं लगेच ओळखतं. आत्या तिथे बायो शिकवते. "बुरशीच्या पेशीला भिंत असते. समजलं?" थांबा. "आपल्या पेशीला नसते. समजलं?" पुन्हा थांबा. त्या थांब्यात मागच्या बाकावरची पोरं अख्खा समोसा संपवतात.

मी नांदेडची. दहावी झाल्यावर बाबांनी मला लातूरला टाकलं, म्हणजे आत्याकडे टाकलं. उमरी, भोकर, कुठकुठून पोरं गाद्या गुंडाळून लातूरला येतात आणि गल्लीगल्लीत 'मुलींसाठी खोल्या, गरम पाणी' अशा पाट्या वाचत फिरतात. मला पाटी वाचावी लागली नाही. आत्याच्या दोन खोल्यांमधली एक रिकामीच होती.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत ऐकली. स्वयंपाकघरात आत्या एकटीच होती. कुकरची शिट्टी झाली आणि ती कुकरला म्हणाली, "ही पहिली. अजून दोन हव्यात. समजलं?"

मी फिस्सकन हसणार होते. पण ती खरंच थांबली होती, उत्तर येईल असं तोंड करून.

आत्या बाबांची धाकटी बहीण. बाबा, म्हणजे वसंतराव उमरीकर, तिच्याविषयी बोलताना कचेरीतला आवाज लावतात: "विनूचं काय आहे, हुशारी जरा जास्त झाली. लग्नाचं वय बुरशीत गेलं." स्थळं आली होती म्हणे. एकदा मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "मुलगी काय करते?" आत्यानंच उत्तर दिलं, "नायट्याच्या बुरशीवर औषध शोधते." त्या बाईंनी हातातली चिवड्याची बशी हळूच खाली ठेवली. मी ती बशी ठेवून दाखवते तेव्हा बाबांच्या डोळ्यांत हसून पाणी येतं. आत्या त्या वेळी उठून पाणी आणायला जाते आणि बराच वेळ परत येत नाही.

पण नायट्याला हसायचं काम नाही. लातूरला शिकायला आलेल्या पोरांना दोनच रोग होतात, टेन्शन आणि नायटा. एका खोलीत चार पोरं, टॉवेल एक, जीन्स कधी वाळतच नाही. टेस्टला बसलेली रांग मागून बघा, निम्मे जण लिहून राहिले, निम्मे खाजवून राहिले. मेडिकलवाला देतो ते मलम लावलं की आठवडाभर जातो आणि मग दुप्पट होऊन येतो. "जुनी औषधं त्याला पचायला लागली आहेत," आत्या म्हणते. "नवीन हवं."

ते नवीन तिच्याकडे होतं. त्याची सुरुवात भूकंपातली.

आत्या तेव्हा नांदेडच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होती. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारी पडली. कॉलेजची पोरंपोरी चादरी आणि बिस्किटं घेऊन धावली, त्यात हीसुद्धा. तिचे सर नेहमी सांगत, जिथे जाल तिथली चिमूटभर माती आणा, औषध करणारे जिवाणू मातीतच राहतात. त्या दिवशी कुणाला आठवावं असं ते वाक्य नव्हतं. पण एका दगडांच्या ढिगाशी बसलेल्या बाईला पाणी देताना आत्याचा हात खाली गेला. बाईचं नाव कस्तुराबाई.

"काय उचलायलीस गं?"

"माती. यात कधीकधी औषध सापडतं."

"ह्येच्यात?" बाईनं आपणच मूठ भरली. "ने. घरच हाय माझं ते. घावलं तर सांगाय ये."

आत्याकडे पिशवी नव्हती. डब्यात दशमी होती. ती बाईला दिली आणि डब्यात माती घेतली.

त्या मातीत एक जिवाणू निघाला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी वाढवली आणि मधोमध हा ठेवला, की त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडायचं. तेवढ्या जागेत बुरशी पाऊल टाकत नसे. वर्तुळ फार बारीक होतं. मग पीएच.डी., मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत वर्षभर राहून आत्यानं त्या जिवाणूत एक जादा जनुक बसवलं, औषध करायच्या कामाला जोर देणारं. वर्तुळ अंगठ्याएवढं रुंद झालं. तो फोटो अजून तिच्या पाकिटात आहे. लोक पोरांचे ठेवतात तिथे.

पुढे प्रकल्प संपला, सर निवृत्त झाले, आत्याची नोकरी हंगामीच होती. ती लातूरला बायो मॅडम झाली. जिवाणू रीतसर परवानगीनं इथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले, कारण तिथले अजहर सर तिचे जुने वर्गमित्र. परीक्षांचे दिवस सोडले तर इतकी वर्षं तिचा प्रत्येक रविवार तिथेच जातो.

आणि यंदा पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेनं कळवलं, जिवाणू अजूनही औषध करत असेल तर पुढचं काम आम्ही तुमच्यासोबत हाती घेतो. ताज्या वर्तुळाचा फोटो पाठवा. नसेल करत, तर हा विषय बंद समजावा. आत्यानं ते वाचलं आणि कुकर लावला. त्या दिवशी भात करपला.

रविवारी मीही तिच्याबरोबर गेले. बशीत बुरशी होती, मधोमध जिवाणू होता. वर्तुळ नव्हतं. बुरशी थेट त्याच्या अंगावर चढली होती.

"असं कसं, मॅडम?" अजहर सर हबकले. "परीक्षांच्या दिवसांत तुम्हाला फुरसत नव्हती, तर मी बच्च्यांसारखं सांभाळून राहिलो. एकदम तंदुरुस्त हैत. बघा, कसे गुबगुबीत!"

"खाण्यात विष घालत होतात ना?"

सरांचा चेहरा उतरला. "ते संपलं होतं. मागवलं, पण आलंच नाही. मी म्हटलं, उपाशी मरतील बिचारे. साधं खाणं दिलं. बढिया दिलं, मॅडम. बीवी जाहिदा घरी म्हणते, तुम्ही माझ्यापेक्षा मॅडमच्या किड्यांना जपता."

मला काही कळेना. मग आत्यानं वर्गात सांगते तसं सांगितलं. जादा जनुक म्हणजे जिवाणूला ओझं असतं. सुखात राहिला की तो ते टाकून देतो. म्हणून त्याच्या खाण्यात थोडं विष घालायचं, आणि ते पचवायची ताकद त्या जनुकालाच जोडून ठेवायची. ज्यानं ओझं टाकलं तो मरतो, ज्यानं सांभाळलं तो जगतो. अजहर सरांनी विष बंद केलं आणि ओझं टाकलेलेच मजेत वाढले. फ्रीजरमधल्या राखीव जिवाणूंच्या नळ्या मागच्या उन्हाळ्यातल्या भारनियमनात गेल्याच होत्या.

आत्यानं बशीवर तारीख घातली आणि ती बाजूला ठेवली. जाताना सर माझ्या कानाशी म्हणाले, "ओरडल्या असत्या ना, बेटा, तर मला रात्रीचं जेवण गेलं असतं."

राहिली एक मातीची नळी. जनुक बसवलं तेव्हाच आत्यानं किल्लारीची ती माती वाफवून निर्जंतुक केली होती, त्यात या जिवाणूचे बीजाणू मिसळून वाळवले होते आणि काचेची नळी वितळवून बंद केली होती. कोरड्या मातीत ते वर्षानुवर्षं झोपून राहतात. राहिले असले तर. जनुक सांभाळून राहिले असले तर. नळी एकच होती आणि फोडली की परत बंद होणार नव्हती.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "विनू, सोड आता ते. नांदेडला ये. एवढं मोठं घर आहे."

"पाहते, दादा," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःशीच, "समजलं."

पुढच्या रविवारी तिनं नळी फोडली. माती विषाच्या खाण्यावर पेरली. मग वाट पाहणं. आधी जिवाणू उगवायला हवे, मग बुरशी लावायची, आणि नायट्याची बुरशी सरकारी कामासारखी सावकाश सरकते. असे रविवार गेले. आम्ही दोघी उंच स्टुलांवर बसायचो. ती पेपर तपासायची, मी अभ्यास केल्यासारखं करायचे.

एकदा मान वर न करता ती म्हणाली, "तू मैत्रिणींच्या मेसमध्ये माझी नक्कल करतेस म्हणे. करून दाखव."

आता काय! केली. भिंत केली, समजलं केलं, थांबा केला. तिनं पेन खाली ठेवून सगळं ऐकलं.

"मी एवढं थांबते?"

"यापेक्षा जास्त, आत्या."

"कुणीतरी काही म्हणेल म्हणून थांबत असेन," ती म्हणाली आणि पुढचा पेपर घेतला.

वर्तुळ पहिल्यांदा अजहर सरांना दिसलं. बशी खिडकीच्या उजेडात धरून ते नुसतेच "मॅडम... मॅडम..." करत राहिले. आत्या उठली. बुरशीच्या पांढऱ्या मखमलीत मधोमध स्वच्छ गोल जागा होती, अंगठ्याएवढी.

"उर्वी, फोटो तू काढ. मी बशी धरते."

फोटो पुण्याला गेला. "घरी सांगा, मॅडम!" सर नाचायचेच बाकी होते. आत्यानं बाबांना फोन लावला. स्पीकरवर बाबांचा कचेरीतला आवाज आला, "वा, वा, छान. बरं, उर्वीची टेस्ट कशी झाली?"

आत्यानं टेस्टचे मार्क सांगितले. फोन ठेवला. बशी झाकली. मग म्हणाली, "किल्लारीला जाणारी गाडी कधी असते?"

भूकंपानंतर वसवलेलं नवं किल्लारी गाव म्हणजे रुंद रस्ते आणि सिमेंटची बुटकी घरं, एकासारखं एक. फाट्यावर विचारलं तर जीपवाला म्हणाला, "कस्तुराबाई? कंची, शाळंम्होरली का दगडाखालून निगाल्याली?"

दगडाखालून निघालेली कस्तुराबाई ओट्यावर बसली होती. आत्यानं ओळख सांगितली.

"भूकंपात लई जन आल्ते, बाई. कुनी चादरी दिल्या, कुनी फोटू काढले."

"मी माती नेली होती. तुम्ही म्हणाला होतात, घावलं तर सांगाय ये."

म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली. "मंग?"

"घावलं."

"आन की मंग!" तिनं कंबरेवरचं लुगडं जरा सरकवलं. नायटा होता, चांगला ऐसपैस. "लई खाजतंय."

आत्याचा चेहरा बघवेना. "औषध अजून तयार नाही. जिवाणू करतो, पण ते शुद्ध करायचं, तपासायचं... दहा वर्षं लागतील. जास्तही."

"म्हंजी म्या गेल्यावर?"

"हो." आत्याला खोटं बोलता येत नाही.

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "आन् तरी सांगाय आलीस?"

"तुम्ही या म्हणाला होतात."

"आलीस ते बरं केलीस. येतो म्हनून लई जन गेले." ती उठली, दारच्या मोगऱ्याच्या बुडाशी वाकली. "हितली बी ने की. त्या घरच्या मातीत व्हतं, ह्या घरच्या बी आसल. ह्ये बी घरच हाय आता."

आत्यानं डबा काढला. त्यातली शेवटची दशमी आम्ही तिघींनी ओट्यावर बसून वाटून खाल्ली. डब्यात माती पडत असताना म्हातारीनं विचारलं, "पर त्यो किडा करतो तरी काय?"

आत्या सांगायला लागली. बुरशी, भिंत, वर्तुळ. "...म्हणून बुरशी त्याच्याजवळ येत नाही. समजलं?"

आणि थांबली.

"न्हाई समजलं," कस्तुराबाई म्हणाली. "पुन्ना सांग."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. डबा बाजूला ठेवला, ओट्यावर तिच्याजवळ सरकून बसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. लातूरची गाडी हॉर्न देऊन निघून गेली, तेव्हा आत्या कुठे बुरशीच्या भिंतीपर्यंत पोचली होती.