गालाला सुटलेलं पाणी

आमचे हे काचा बसवतात. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या. उभ्या जन्मात बोट कापलं नाही, आणि एका न्हाव्याकडे आरसा लावताना तो असा निसटला की कानापासून गाल चिरला! कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं टाके घातले, जखम भरत आली. म्हटलं, थोडक्यात निभावलं. कसलं काय! खायचा विषय निघाला की टाक्यांमधून पाणी ठिबकायला लागलं. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, ह्यांच्या गालाला सुटायचं.

तेही चालवून घेतलं असतं हो. पण शेजारणीनं मासे तळले, तर नुसत्या वासानं सदऱ्याची कॉलर भिजली. बेकरीवरून गेले की रुमाल पिळायची वेळ. आणि मी वाढलं की गाल ठणठणीत कोरडा! मी रोज टॉवेल घेऊन समोर बसायची, डोळ्यांत तेल घालून बघायची. एक थेंब येईल तर शपथ. सगळं आयुष्य ह्या माणसासाठी शिजवण्यात गेलं, आणि ही किंमत? फार लागलं मनाला.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात सर्जनबाईंकडे नेलं. त्यांनी ह्यांना हसायला लावलं, डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. चेहऱ्याची नस शाबूत होती. मग तोंडातून बारीक नळी घालून निळं औषध सोडलं, तर ते गालावर बाहेर आलं!

"लाळेची नळी कापली गेलीय," त्या म्हणाल्या. "वरची कातडी शिवली, आतली नळी तशीच राहिली. ऑपरेशन करून जोडू. तोवर घट्ट पट्टी, आणि लाळ सुटेल असं काही खायचं नाही."

"मग माझ्याच हातचं द्या की!" मी फणकारले. "त्याला थेंबसुद्धा येत नाही."

"उत्तम," म्हणत बाईंनी कागदावर लिहिलंसुद्धा: 'पथ्य – बायकोच्या हातचं.'

तेव्हा हे उसळले. "अगं, तू ताटापुढे फौजदारासारखी बसतेस, गालावर डोळे रोखून! माझ्या तोंडचं पाणी पळतं, तर गालाला कुठून येणार?"

"पुरे झाल्या सबबी," मी म्हटलं.

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. "डबा आणलाय?"

आणला होता. वाटाण्याची भाजी.

"द्या इकडे. आणि तुम्ही बाहेर बसा."

दार लागलं. मी बाकावर. जीव टांगणीला लागलेला. वाटलं, उठून सरळ घरी जावं. कोरडाच निघाला गाल, तर मग ह्या माणसाबरोबर एका घरात राहायचं कसं?

इतक्यात दार उघडून नर्स धावत आली आणि समोरच्या खोलीत ओरडली, "अगं, कापूस दे आणखी! नाही गं, अजून घास नाही घेतला, नुसतं झाकण उघडलंय!"

मी तिथेच बाकावर ढसाढसा रडले.