साठ वेळा पंप

गरम रबराचा वास आला की मला वैनगंगेचं कोरडं पात्र दिसतं. मी तेव्हा तिरोड्याकडच्या एका मालगुजार जमीनदाराची छोटी मोटार चालवत होतो. लढाईचे दिवस होते, नवा टायर कुठेच मिळत नव्हता. भर दुपारी कोठीतून धान काढताना मालकीणबाईंना साप चावला, आणि दवाखाना नदीपलीकडे. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून मी चारही टायरांतली निम्मी हवा सोडली, तशी गाडी अलगद पार झाली. पुढे मात्र खडीची सडक होती. मी हातपंप काढला. "काऊन भरून राहिला? चाल तसाच," मालक म्हणाले. "खडीवर टायर फाटन मालक, मंग पायीच न्या लागन." साप चावलेल्याला झोपू द्यायचं नसतं, म्हणून मालकांनी बाईंना पंपाचा एकेक दट्ट्या मोजायला लावलं. मागच्या सीटवरून त्या मोठ्याने मोजत होत्या आणि त्यांच्या आकड्यावर माझे हात खालीवर होत होते. एका टायरला साठ वेळा पंप मारावा लागे. तिसऱ्या टायरला एकेचाळीसनंतर आकडा आला नाही. मालक त्यांना हाका मारत होते, आणि मी खाली मान घालून मनातच बेचाळीस, त्रेचाळीस करत साठपर्यंत गेलो. मग चौथाही भरला. दवाखान्यापर्यंत एकही टायर फाटला नाही. आता गोंदियात हवा भरणारा विचारतो, "दादाजी, कितना रखूँ?" मी आकडा सांगत नाही, आधी मागची सीट पाहतो.