दुसऱ्या रायफलीतली पुंगळी

आखातात, फुजैराच्या डोंगराआड आमचा नेमबाजीचा क्लब होता. मी ऑफिसात, अंकल शस्त्रांच्या खोलीत. माणूस वसईचा, पण वसईपेक्षा पितळेबद्दल जास्त बोलायचे. मेंबर लोक उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून आणायचे, आणि कधीकधी त्या रायफलीत बसायच्याच नाहीत.

मग अंकल तसलीच एक रिकामी पुंगळी काळ्या मार्करने रंगवायचे. ती रायफलीत सरकवून डोळे मिटायचे आणि झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लोटावं तसा, काडतूस आत ढकलणारा बोल्ट हलकेच पुढे न्यायचे. अडला की थांबायचे. पुंगळी बाहेर काढून, रंग निघालेल्या जागी बोट ठेवायचे. "हं. इथे घासतंय."

"थोडा जोर लगाओ अंकल, यल्ला," मेंबर म्हणायचा.

"नहीं हबीबी. ये दूसरी रायफल में चली है. वहीं फूल के उसी का नाप पकड के बैठी है."

खिडकीबाहेर डोंगर उन्हात विरघळत असायचे, एसी घुमत असायचा. त्यांच्यासमोर बसलं की मला वेळेचं भान राहत नसे.

एका मे महिन्यात अंकल नोकरी सोडून कायमचे वसईला गेले. आम्ही केक कापला. दिवाळीच्या आत ते पुन्हा त्याच खुर्चीत, हातात मार्कर.

"काय झालं अंकल? घरी सगळं बरं ना?"

"सगळे चांगले आहेत रे. बायको, पोरं, सगळ्यांनी खूप केलं माझं." काळी पुंगळी उजेडात धरून ते बराच वेळ फिरवत राहिले.

"मीच जोर लावला नाही."